चार्ट, नकाशे आणि सरकारी आकडे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आवाहन केलं होतं की सरकारी योजना, बजेट, वॉर्डातली कामं असल्या गोष्टी चार्ट-नकाशे करून लोकांपुढे मांडताना कुठे अडतं ते लिहून पाठवा. वाटलं होतं कॉलेजची पोरं लिहितील, पण पत्रं आली ती सरपंच ताईंची, अंगणवाडी सुपरवायझरची, ऑफिसातल्या क्लार्कची, आणि हो, कॉलेजच्या पोरांचीही. नावं टाकत नाही, कारण अर्ध्याहून जास्त मंडळी नोकरीत आहेत आणि साहेब लोकही हे पान वाचतात.

प्रश्न : आम्ही वस्तीतल्या काही पोरांनी माहितीच्या अधिकारात नाल्या तुंबल्याच्या तक्रारींची यादी काढली अन् गूगल मॅपवर एकेक टिपका टाकला. झालं काय, पश्चिमेकडच्या मोठमोठ्या बंगल्यांचा भाग लालभडक दिसून राहिला आणि आमच्या इकडे, जिथे पावसाळ्यात चुलीपर्यंत पाणी येते, तिथे दोन-चार टिपके. झोन ऑफिसातले साहेब म्हणतात, तुमच्याच नकाशात तुमच्याकडे प्रॉब्लेम नाही. आता बोला. — एक वाचक, पूर्व नागपूर

दादा, नकाशा बरोबर आहे, त्याचं नाव चुकलं. वर "नाल्यांची समस्या" असं लिहिलं असेल तर ते खोडा आणि "नोंदवलेल्या तक्रारी" लिहा, साहेबांचा अर्धा मुद्दा तिथेच गळून पडतो. तक्रार नोंदवायला काय काय लागतं ते बघा ना, ॲप घ्या, ओटीपी टाका, फोटो काढा, मग फोन आला की घरी हजर राहा, आणि एवढं करून काम होईल हा भरवसा पाहिजे तो वेगळाच. ज्या सोसायटीत एखादे रिटायर्ड काका रोज मॉर्निंग वॉकला निघून तीन फोटो पाठवतात ती सोसायटी लाल होणारच, आणि जी बाई सकाळी सहाला दुसऱ्याच्या घरची भांडी घासायला निघते ती पाणी बादलीने उपसते अन् कामावर जाते, तिचा टिपका कोण टाकणार?

या विषयात डॉ. जॉन स्नोचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. लंडन, १८५४, सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप आणि कॉलरा. गोष्ट अशी सांगतात की डॉक्टरनी नकाशा काढला, पंपाभोवती काळ्या खुणांची गर्दी दिसली, पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. प्रेझेंटेशनमध्ये फार छान वाटते ही गोष्ट, पण दांडा निघाला ८ सप्टेंबरला, तोवर साथ ओसरायला लागली होती कारण लोक घरंदारं सोडून पळाले होते, आणि तो गाजलेला नकाशा लोकांपुढे आला तो त्यानंतर काही महिन्यांनी. तुमच्या कामाची गोष्ट याच्या पलीकडे आहे. स्नोने मोजले मृत्यू, आणि मेलेल्या माणसाची नोंद त्याने स्वतः जाऊन करावी लागत नाही, गरीब असो की श्रीमंत, रजिस्टरात नाव चढतं. शिवाय जिथे खुणा नव्हत्या तिथेही तो चौकशीला गेला. पंपाच्या जवळच गरिबांना ठेवायचं वर्कहाउस होतं, पाचशेच्या वर माणसं आत, आणि मेली फक्त पाच, कारण त्यांची विहीर वेगळी. बाजूच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार ठणठणीत, त्यांना बिअर मिळायची आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती, पंपावर जातं कोण. म्हणजे कोऱ्या जागेलाही कारण असतं, फक्त तिथे जाऊन विचारावं लागतं.

मग आपल्याकडे अशी कोणती यादी आहे जिच्यात माणूस स्वतः न बोलता मोजला जातो? पंचनामा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, त्यानंतर घरोघरी जाऊन पंचनामे झाले. तुमच्या भागातही ज्या ज्या वर्षी पाणी शिरलं त्या वर्षीचे पंचनामे वस्तीनिहाय मागा. नावं-पत्ते मागू नका अन् मिळाले तरी नकाशावर टाकू नका, कुणाच्या घरावर टिपका मारायची काही गरज नाही, वस्तीचा आकडा पुरतो.

दुसरं, आकडा भागा. ज्या भागात दहा हजार घरं तिथे तक्रारी जास्त, जिथे हजार तिथे कमी, यात नवल काय, म्हणून दर हजार घरांमागे किती ते काढा. इथे मात्र खरी अडचण आहे, भागायचं कशाने? जनगणनेचा शेवटचा आकडा २०११ चा, तेव्हा महापालिका हद्दीची लोकसंख्या होती २४,०५,६६५. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढचीची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. मधल्या काळात शहराच्या कडेला जिथे तुरीची शेतं होती तिथे फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या, बेसा-बेलतरोडीकडे एक चक्कर मारली तरी कळेल, आणि तिकडच्या आजच्या तक्रारी २०११ च्या डोक्यांनी भागल्या तर प्रत्येक माणूस रोज तक्रार करून राहिला असं दिसेल. सोपा उपाय म्हणजे बूथनिहाय मतदार यादी. अठराच्या खालची पोरं त्यात नाहीत, भाड्याने राहणारे बरेच सुटतात, पण दर वर्षी दुरुस्त होते आणि फुकट मिळते. फक्त नकाशाच्या खाली स्पष्ट लिहा की कशाने भागलंय.

आणि मग साहेबांकडे जाताना दोन नकाशे एकाच कागदावर न्या, डावीकडे तक्रारी, उजवीकडे पंचनामे, रंग तेच, वस्त्यांच्या हद्दी त्याच. बोलायचं काही नाही, त्यांनाच बघू द्या.

प्रश्न : ग्रामसभेत पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचा हिशोब दाखवायचा असतो. ग्रामसेवकांनी पीपीटी केली, तिच्यात आठ गोल गोल चार्ट. दुपारच्या उजेडात प्रोजेक्टरवर काही दिसलं नाही आणि लोक म्हणाले, ते जाऊ द्या, आमच्या गल्लीचा रस्ता काऊन नाही केला ते सांगा. — एक सरपंच, कुही तालुका

ताई, लोकांनी प्रश्न अगदी नेमका विचारला, तुमच्या आठ चार्टांपैकी एकानेही त्याचं उत्तर दिलं नाही एवढंच. म्हणून पीपीटी बाजूला ठेवा आणि त्या एका प्रश्नासाठी एकच चित्र करा.

उत्तर तुम्हाला माहीतच आहे. २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीला या आयोगातून आलेल्या शंभर रुपयांतले साठ बंधित होते, तीस स्वच्छतेसाठी आणि तीस पिण्याच्या पाण्यासाठी, तिथून रस्ता करताच येत नव्हता. उरलेले चाळीस अबंधित. हे "बंधित-अबंधित" आपण ऑफिसात दिवसभर बोलतो पण गावातल्या माणसाला वाटतं पैसा आला म्हणजे आला, सरपंचाने पाहिजे तिथे लावावा. आता फ्लेक्सवाल्याकडून एक आडवी पट्टी छापून घ्या, दहा फुटांची, तिच्यावर दहा रुपयांच्या दहा नोटा शेजारी शेजारी. तीन नोटा निळ्या, वर लिहा "फक्त पाणी". तीन हिरव्या, "फक्त स्वच्छता". चार पिवळ्या, "ग्रामसभा ठरवेल ते". आणि पिवळ्या चारांच्या खाली, यंदा ते कुठे गेले ते कामाच्या आणि टोल्याच्या (वाडीच्या) नावासकट लिहा. झाला चार्ट. लोक भांडतील ते या चार नोटांवर भांडतील, आणि तेच भांडण ग्रामसभेत व्हायला पाहिजे.

नोटा मोजून काढायच्या, छोट्या-मोठ्या करायच्या नाहीत हे लक्षात असू द्या. फ्लेक्सवाला हौसेने पाण्याची नोट मोठी करून देईल. हा नियम ऑटो न्यूराथ नावाच्या माणसाने व्हिएन्नात १९२५ मध्ये सामाजिक-आर्थिक विषयांचं म्युझियम काढलं तेव्हापासून पाळला, कामगारांना शहराचा कारभार चित्रांतून समजावा म्हणून. आकडा मोठा असेल तर तेच चित्र जास्त वेळा काढायचं, चित्र मोठं करायचं नाही. कारण घागरीची उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, कागदावर घागर चौपट जागा खाते, आणि बघणाऱ्याला दोनाचे चार दिसतात.

गोल चार्टाबद्दल. केंद्र सरकारच्या बजेटात दर वर्षी तो रुपया छापून येतो ना, कुठून आला अन् कुठे गेला, तो चालतो कारण पैशात मोजलाय, बेरीज शंभर पैसे. जुलै २०२४ च्या बजेटात रुपयातले २७ पैसे कर्जातून आले आणि १९ पैसे व्याजात गेले, एवढी दोन वाक्यं कुणालाही कळतात. पण "कुठून आला" वाल्या गोलात १९, १८ आणि १७ पैशांचे तुकडे आहेत आणि त्यातला मोठा कोणता हे डोळ्याने सांगून दाखवा बरं, आकडा वाचल्याशिवाय जमत नाही. दोन-तीन भाग असतील तर गोल करा, त्याहून जास्त असतील तर आडव्या पट्ट्या.

आणि एक करून बघा. आराखड्याच्या वेळी शिवार फेरी होते, रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, तो फोटो काढण्यापुरता उरलाय. हिशोबाच्या ग्रामसभेलाही तसाच काढा, सभामंडपात नाही, बाहेर झाडाखाली, आणि जिथे जिथे काम झालं तिथे खर्चाची चिठ्ठी दगडाखाली ठेवा. दहा हजाराला एक दगड, असं. कोणत्या टोल्यात दगडांचा ढीग आणि कोणत्या टोल्यात एकही नाही, हे समजायला प्रोजेक्टर लागत नाही. तुम्हाला अवघड जाईल, हे मान्य.

प्रश्न : मीटिंगसाठी मुलांच्या बुटकेपणाचा बार चार्ट केला. दोन्ही बार सारखेच दिसत होते म्हणून वरिष्ठ म्हणाले, खालून शून्याऐवजी ३४ पासून सुरू करा. केलं, फरक एकदम डोळ्यात भरतो. पण मनाला पटून नाही राहिलं. — अंगणवाडी सुपरवायझर, नागपूर ग्रामीण

मन बरोबर सांगून राहिलंय ताई. आकडे घेऊनच बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं २०१५-१६ मध्ये ३८.४ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्के. शून्यापासून काढलं तर दुसरा बार थोडासा बुटका. ३४ पासून काढलं तर पहिला बार ४.४ उंच, दुसरा १.५, म्हणजे बघणारा म्हणणार वा, तिसऱ्या हिश्श्यावर आलं!

आता तीच युक्ती, तोच ३४, महाराष्ट्राला लावा. आपला आकडा आधी ३४.४ होता, नंतर ३५.२. पहिला बार ०.४, दुसरा १.२. बुटकेपणा तिप्पट झाला बाप्पा! उद्या वर्तमानपत्रात हाच चार्ट छापून आला तर तुमचे वरिष्ठ काय म्हणतील? म्हणतील की हा दिशाभूल करणारा चार्ट आहे, आणि ते बरोबरच असेल, कारण हा सर्व्हे आहे, निवडक घरांवरून काढलेला अंदाज, त्यात पॉइंट आठचा फरक म्हणजे "जवळपास तिथेच" एवढंच म्हणता येतं.

बार चार्टात डोळा बारची लांबी मोजतो, म्हणून बार बुडातून कापायचा नाही, विषय संपला. लाइन चार्टाचं तसं नाही, तिथे आपण चढ-उतार बघतो, तिथे शून्याचा हट्ट नको. मे महिन्यातलं नागपूरचं तापमान शून्यापासून काढलं तर ४२ आणि ४७ मध्ये काही फरकच दिसणार नाही, आणि २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता तेव्हा शहराची काय गत झाली ते नागपूरकरांना सांगायला नको.

मग लहान फरक दाखवायचा कसा? शब्दात सांगा. दर हजार मुलांमागे ३८४ होती, ती ३५५ झाली, म्हणजे २९ मुलं कमी. हे वाक्य मोठ्या अक्षरात आणि बाजूला दोन साधे बार. २९ पोरं हा काही छोटा आकडा नाही, त्याला बुडातून कापलेल्या चार्टाचा टेकू कशाला. वरिष्ठांना हे "हजार मुलांमागे" वालं दाखवून बघा, बहुतेक आवडेल.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी २०११ च्या जनगणनेवरून महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा केला. एक जिल्हा पांढराच राहून राहिला, आणखी चार-पाच जिल्ह्यांचा डेटा पण येत नाही. फाइल करप्ट आहे का? — एम.ए.ची विद्यार्थिनी, नागपूर

पांढरा राहिला तो पालघर असणार. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत, पालघर ठाण्यातून वेगळा निघाला १ ऑगस्ट २०१४ ला, आणि तुझा नकाशा आजचा, ३६ जिल्ह्यांचा. एक तर २०११ च्या हद्दींचा जुना नकाशा शोध, नाही तर तालुक्यांचे आकडे घेऊन ठाणे आणि पालघर वेगवेगळे जोड. जुना ठाण्याचा आकडा आजच्या ठाण्यावर चिकटवायचा नाही, कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणून तर नाहीच.

बाकीच्यांचं कारण स्पेलिंग. जनगणनेच्या फाइलीत बीडचं स्पेलिंग "बिड" सारखं आहे, गोंदियात एक जास्तीचं "वाय" आहे, रायगडला शेवटी "आरएच" लावलेत, आणि टूलला तेवढा फरक पुरतो, ते म्हणतं हे गाव मी ओळखतच नाही. त्यात आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावंही बदलली. नावावर जोडायच्या भानगडीत पडूच नको. सरकारची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, तिच्यात प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला कोड आहे, दोन्ही फाइलींत कोडचा कॉलम घाल आणि त्याने जोड. जनगणनेचा कोड वेगळा असतो, पण दोन्ही कोड शेजारी दिलेली यादी तिथेच मिळते.

अजून एक, जे तू विचारलं नाही. नकाशात गडचिरोली केवढा मोठा दिसतो बघ, १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि माणसं २०११ मध्ये पावणेअकरा लाखांच्या आत. मुंबई उपनगर टिकलीएवढं, आणि तिथे ९३ लाखांच्या वर. त्यामुळे कोणतीही योजना असो, नकाशात रंग भरला की गडचिरोली ओरडणार आणि मुंबई दिसणारही नाही. टक्के दाखवायचे तर रंग भर, पण माणसं किंवा रुपये मोजायचे असतील तर जिल्ह्यावर आकड्याच्या हिशोबाने लहान-मोठं वर्तुळ ठेव. इथे वर्तुळाचं क्षेत्रफळ आकड्याप्रमाणे धरतात, टूल ते स्वतःच करतं.

प्रश्न : ऑफिसात सॉफ्टवेअरसाठी पैसे नाहीत. कोणतं टूल शिकू? — क्लार्क, सिव्हिल लाइन्स

एक्सेल येते ना? मग अर्धं काम झालं. छापायला किंवा वेबसाइटवर टाकायला साधे बार, लाइन आणि जिल्ह्यांचे नकाशे हवे असतील तर डेटारॅपर, फुकटात भागतं, आणि त्याचे चार्ट आहेत तसेच सभ्य दिसतात, कुणी रंगीबेरंगी करायला बघितलं तरी फार बिघडवता येत नाही हा मोठाच गुण. हलणारे-पळणारे चार्ट पाहिजे तर फ्लरिश. गूगल शीटमध्ये डेटा रोज भरला जात असेल तर लुकर स्टुडिओ जोडून टाका, आकडे आपोआप बदलतात. नकाशाचं खरंखुरं काम, म्हणजे नाला कुठून जातो, शाळा किती अंतरावर, त्याला क्यूजीआयएस, फुकट आहे, शिकायला महिना-दोन महिने जातील पण तेवढं वसूल होतं. पॉवर बीआय तेव्हाच, जेव्हा ऑफिसकडे मायक्रोसॉफ्टचं लायसन्स आधीच पडून आहे.

टॅब्लो पब्लिक (हेही चार्ट करायचं एक फुकट टूल) आणि फ्लरिशच्या फुकट खात्याबद्दल एक गोष्ट मात्र कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. तिथे पब्लिश केलं की चार्ट तर जगाला दिसतोच, मागचा डेटाही लोकांना उतरवून घेता येतो. लाभार्थ्यांची यादी, मोबाइल नंबर, आधार, बँक खातं, यातला एकही कॉलम त्या फाइलीत नसला पाहिजे. कॉलम लपवला म्हणजे गेला असं नसतं. आधी एक्सेलमध्ये तालुकावार बेरीज करा, बेरजेची वेगळी फाइल करा, आणि तीच वर चढवा.

लाख-कोटींचा घोळही होणार. ही टूलं परदेशी, २४ लाखाचं "२.४ एम" करून टाकतात आणि मग ग्रामपंचायत सदस्य विचारतो एम म्हणजे मीटर का. शीटमध्येच आकडा एक लाखाने भागून घ्या आणि डोक्यावर "आकडे लाख रुपयांत" लिहा.

प्रश्न : आमच्या कार्यालयात मोठ्या स्क्रीनवर डॅशबोर्ड लावलाय. पाहुणे आले की सुरू करतात. त्याचा उपयोग काय? — नाव नको

पाहुण्यांना चहा होईपर्यंत बघायला. गंमत सोडा, पण डॅशबोर्ड बघून कुणी कोणता निर्णय घेतो हे सांगता येत नसेल तर तो बंद राहिलेलाच बरा, वीज तरी वाचेल. चालणारं उदाहरण बघायचं तर हवेचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा बघा, २०१४ मध्ये जाहीर केला तेव्हा घोषणाच होती की एक संख्या, एक रंग, एक वर्णन. आत आठ प्रदूषकांचं गणित आहे, पण बाहेर सहा पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यासोबत कुणाला त्रास होईल ते लिहिलेलं. मला त्यातलं एकच खटकतं. १०१ ते २०० ला "मध्यम" म्हणतात आणि रंग पिवळा, तर दम्याच्या पेशंटला याच पट्ट्यात त्रास सुरू होऊ शकतो, आणि "मध्यम" वाचून आजोबा फिरायला निघतात. तुमच्या स्क्रीनवरही प्रत्येक आकड्याशेजारी "हा इतका झाला तर अमुक विभागाने अमुक करायचं" अशी ओळ टाकायला सांगा. ज्या आकड्यांपुढे अशी ओळ लिहिताच येणार नाही ते काढून टाका. बघा किती उरतात.

प्रश्न : नागपुरात ५६ डिग्री तापमान झालं असा ग्राफ अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतो. खरं आहे का? — एक गृहिणी, मानेवाडा

नाही. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका ऑटोमॅटिक हवामान केंद्राने ५६ चा आकडा दाखवला होता हे खरं, पण सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्याने सांगितलं. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ दिसलं होतं, तिथेही तपासणीत सेन्सर तीन अंश जास्त दाखवून राहिला होता असं निघालं. दोन्ही वेळा आकड्याचा फोटो देशभर फिरला, खुलासा फिरला नाही, ते तर नेहमीचंच.

ताई, असा ग्राफ आला की तीन गोष्टी बघायच्या. शेजारची केंद्रं काय म्हणतात, कारण रामदासपेठेत ५६ आणि सोनेगावात ४४ असं एकाच दुपारी होत नाही. आधीचा विक्रम किती होता, आपला ४७.९, त्याच्यावर एकदम आठ अंश म्हणजे संशय यायलाच पाहिजे. आणि ग्राफवर तारीख-स्रोत आहे का. नसेल तर पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्या भाच्यालाही सांगा. उन्हाळ्यात खात्याच्या पिवळ्या-नारिंगी-लाल इशाऱ्यांवरून कामाच्या वेळा बदलायची वेळ येते, बांधकामावरच्या मजुरांचा जीव त्यावर असतो, आणि खोट्या ५६ ची सवय झाली की खऱ्या ४६ चं कुणाला काही वाटेनासं होतं.

प्रश्न : लाल म्हणजे मागे, हिरवं म्हणजे पुढे, असा तालुक्यांचा तक्ता करतो. एक सदस्य म्हणाले दोन्ही सारखेच दिसतात. आणि पीडीएफ केली की मराठी अक्षरं फुटतात. — एक वाचक, काटोल

सदस्य खोटं बोलत नाहीत, लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच असतात, बहुतेक जण ते सांगतच नाहीत. निळा आणि नारिंगी घ्या, नाही तर एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा. कलरब्रूअर नावाची साइट आहे, तिथे रंग तयार मिळतात, आणि झेरॉक्समध्ये कसे दिसतील तेही ती सांगते, आपल्याकडे शेवटी सगळं झेरॉक्सवरच जातं.

अक्षरं फुटतात कारण फाइल कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल. युनिकोडमध्ये करून घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी लावा, पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड करायचा पर्याय टिकमार्क करा. तरीही जोडाक्षरं मोडत असतील तर चार्ट चित्र म्हणून सेव्ह करून चिकटवा. आणि प्रिंटरकडे पाठवायच्या आधी "पारशिवनी", "नरखेड", "कळमेश्वर" ही तीन नावं मोठी करून बघा. "र्श", "र्ख" असं काही उमटलं असेल किंवा "श्व" चा पाय मोडला असेल तर बाकीचे अकरा तालुके तपासायचीही गरज नाही, फाइल परत करा.